दर्या आणि दऱ्या

जुहूचे नाव काढले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे आधी दर्या उभा राहतो. मग भेळेच्या गाड्या, नटनट्यांचे बंगले आणि पृथ्वी थिएटरच्या आवारातला चहा. ज्यांना जुन्या गोष्टींची आवड आहे त्यांना तिथला विमानतळही आठवेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः विमान चालवीत जुहूस उतरले. पण त्याच जुहूत पुढे आणखी एका टपालाचे ठाणे झाले, आणि त्या ठाण्याच्या आश्रयाने आपल्या मराठी अक्षरांवर मोठे उपकार झाले, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही ती ठाऊक नव्हती. माझी एक कादंबरी हरवली म्हणून ती मला कळली.

हरवली म्हणजे कोणी चोरली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीची ती गोष्ट मी चार वर्षे खपून वह्यांत लिहिली आणि २००४ साली एका ओळखीच्या गृहस्थाकडून संगणकावर चढवून घेतली. तिचे एक प्रकरण त्याच वर्षी एका दिवाळी अंकात छापूनही आले. पुढल्या वर्षी २६ जुलैच्या प्रलयात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत पुरुषभर पाणी चढले आणि वह्यांचा लगदा झाला. 'तबकडी आहे ना!' अशी मी मनाची समजूत घातली. बऱ्याच वर्षांनी एका प्रकाशकांनी कादंबरी वाचायला मागितली, तेव्हा मोठ्या ऐटीत ती तबकडी बाहेर काढली. पडद्यावर जे उमटले ते पाहून मला घाम फुटला. पानेच्या पाने इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी! अडीचशे पानांत मराठीचा एक शब्द दिसेना. ज्या फॉन्टात, म्हणजे संगणकातल्या ज्या खिळ्यांत, मजकूर जुळवला होता, ते खिळे आता कोठे विकत मिळत नव्हते आणि नव्या संगणकाला ते मानवतही नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी जुहूस गुलमोहर रस्त्याच्या आसपास राहतो आणि संगणकाच्याच कामात आहे, हे मला ठाऊक होते. दिवाळीच्या सुटीत तबकडी घेऊन त्याचे घर गाठले. त्याने दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि तो हसला.

"सर, कादंबरी हरवलेली नाही. कुलपात अडकली आहे. किल्ली दुसऱ्याकडे राहिली, एवढंच."

त्या एका वाक्याचा अर्थ समजावून घेण्यात माझी ती सुटी आणि पुढले अनेक रविवार गेले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपली देवनागरी ही छापणाऱ्याची परीक्षा पाहणारी लिपी. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून तिथल्या सुबक खिळ्यांची कीर्ती देशभर पसरली. पण मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्यापायी जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. संगणक आला तेव्हा तो इंग्रजीपुरता घडवलेला होता आणि त्यात अक्षरांसाठी खणच थोडे. मग मराठीच्या पहिल्या फॉन्टांनी एक पळवाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या खणांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले. कोणत्या खणात कोणता तुकडा, हा नकाशा प्रत्येक विक्रेत्याचा निराळा. म्हणजे संगणकाच्या लेखी माझी कादंबरी इंग्रजी अक्षरांचीच होती. वर मराठी मुखवटा तेवढा होता. मुखवटा गेला आणि आतली खिचडी दिसली.

यावर उपाय झाला तो १९९१ च्या सुमारास. त्या वर्षी भारतीय मानक संस्थेने आपल्या लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत ठरवला, आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आता 'क' म्हणजे जगभर एकच ठराविक क्रमांक. पण वर्गातल्या मुलांना हजेरीचे क्रमांक दिले म्हणजे ती ओळीत नीट उभी राहतात असे नाही, हे कोणीही मास्तर सांगेल. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. संगणकात तो उच्चाराच्या क्रमाने दहा क्रमांकांत साठवला जातो. पण दाखवताना पहिली वेलांटी 'व'च्या आधी न्यावी लागते, 'द' आणि 'य' जोडावे लागतात, आणि 'थी'च्या आधी उच्चारलेला 'र' उचलून त्याच्या डोक्यावर ठेवावा लागतो. ही सारी उठाठेव करणारे यंत्रातले हुकूमनामे कोणीतरी बसून लिहावे लागतात. त्यांनाच प्रोग्राम म्हणतात.

आता हे हुकूमनामे लिहायचे कोणी, आणि त्यांची मालकी कोणाची? येथे दोन घराणी झाली. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून चकलीचाच दाखला देतो. एक दुकानदार चकली विकतो, पण भाजणीचे प्रमाण सांगत नाही. चकली मऊ पडली तर त्याच्याकडेच गेले पाहिजे. दुकान बंद झाले तर बसा हात चोळीत. दुसरीकडे शेजारच्या काकू ताटलीत चकली देतात आणि प्रमाणही सांगतात. तुम्ही त्यात तीळ वाढवा, तिखट कमी करा आणि सुधारलेले प्रमाण पुढल्या घरी पोचवा. पहिल्या घराण्यात गिऱ्हाईक असते, दुसऱ्यात शेजार असतो. या दुसऱ्या रीतीला आज 'ओपन सोर्स' म्हणतात, म्हणजे मूळ लिखाण सर्वांना खुले.

तिचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करी. १९८० च्या सुमारास तिथे छपाईचे एक नवे यंत्र आले. त्यात कागद अडके आणि माणसे जिन्यावरून खेपा घालीत. यंत्राचा प्रोग्राम हाती असता तर कागद अडकल्याची सूचना देणाऱ्या चार ओळी त्याने सहज घातल्या असत्या. पण तो मागितला तेव्हा, 'न देण्याचा करार केला आहे' असे उत्तर मिळाले. ते त्याच्या जिव्हारी लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने सर्वांना खुल्या प्रोग्रामांचा 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला, आणि पुढे त्यासाठी परवानाही लिहिला. त्याचे सार एवढेच: घ्या, पाहा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तेव्हा तेही असेच खुले ठेवा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची घोषणा केली, आणि पुढल्या वर्षी तेही त्याच परवान्याखाली आले. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र १९९८ सालचे.

हे सारे दूरदेशीचे. ते जुहूस कसे आले?

एका संध्याकाळी माझा विद्यार्थी मला गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर घेऊन गेला आणि एका इमारतीकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, आमचं निर्णयसागर हे." टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीतून १९८५ साली 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही संस्था वेगळी झाली. तिचे पहिले संचालक डॉ. एस. रमणी. पुढे तिचा संसार या रस्त्यावर थाटला गेला. देशातल्या विद्यापीठांना जोडणारे 'अर्नेट' हे जाळे १९८६ साली सुरू झाले, त्यात ही संस्था आरंभापासून होती. १९८६-८७ च्या सुमारास ती आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ-येऊ लागली. जुहूचे दुसरे टपाल म्हणालो ते हे. १९८९ च्या सुमारास अमेरिकेशी थेट तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे सुमारे बाराशे इंग्रजी अक्षरे. आज आपण नातवंडाचा जो फोटो क्षणात धाडतो, तो त्या तारेवरून जायला पाऊण तास लागता! भारतातल्या संकेतस्थळांच्या नावांना जी 'इन' ही शेपटी असते, तिची नोंदवहीसुद्धा बरीच वर्षे याच संस्थेने सांभाळली. २००३ साली ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

खुल्या प्रोग्रामांचे वारे आपल्याकडे आधी अशा तारांवरून विद्यापीठांत आले. मग १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची तबकडी वाटली आणि ते घरोघर गेले. पण त्या लिनक्सला मराठी येत नव्हते. जुहूच्या याच संस्थेतील मंडळींनी या शतकाच्या आरंभी 'इंडिक्स' नावाचे काम हाती घेतले आणि लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात यासाठी मुळातच दुरुस्ती केली. मुंबईतील 'इंडलिनक्स', 'इंडिकट्रान्स' अशा गटांनी भाषांतराचा भार उचलला. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणावे की 'साठवा', यावर रात्री जागल्या. हे वाद ज्यांना हास्यास्पद वाटतात, त्यांनी एकदा आपल्या आईला इंग्रजी फलक असलेल्या यंत्रापुढे बसवून पाहावे.

आणि अक्षरांची वळणे? त्यासाठी या इमारतीत एक खरा अक्षरपुरुष येऊन बसला होता. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे कलाक्षेत्रात सर्वांना परिचित असलेले र. कृ. जोशी. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक, स्वतः कवी आणि सुलेखनकार. उतारवयात ते जुहूच्या या संस्थेत अक्षरे घडवू लागले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. लाखो लोक त्यात मराठी वाचतात, पण मालकी कंपनीची. त्याच हातांनी घडवलेला 'रघु' हा फॉन्ट मात्र संस्थेने खुल्या परवान्याखाली सर्वांना देऊन टाकला. एक विकलेला, एक वाटलेला. कारागिरी दोहोंत तीच. जोशी २००८ साली गेले. 'लोहित'सारखे फॉन्टही खुले झाले, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' तर आज कितीतरी मराठी संकेतस्थळांवर दिसतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचा दिनक्रम सांगतो, कारण हा इतिहास घडवणारी माणसे दिवसभर करतात तरी काय, हे मला त्याच्यामुळे दिसले. दिवसा तो अंधेरीच्या एका कचेरीत नोकरी करतो. खुले काम पहाटे आणि रात्री. पाचला उठून चहाचा पेला घेऊन तो आलेल्या तक्रारी वाचतो. त्या लिहिणारी माणसे सर्वस्वी अनोळखी. कोणी सौजन्याने लिहितो, कोणी जणू पगारी नोकरास दटावतो. मग दोष शोधायचा. हजारो ओळींत एखादी चुकलेली ओळ हुडकणे म्हणजे जत्रेत हरवलेले मूल शोधणे. दुरुस्ती सापडली की तिचे एक ठिगळ करायचे. त्यांच्या भाषेत तिला पॅच, म्हणजे ठिगळच म्हणतात. त्याबरोबर कारण लिहायचे आणि त्या प्रोग्रामची राखण करणाऱ्याकडे पाठवायचे. तो जगाच्या पाठीवर कोठेही असेल. तो तपासतो, शंका काढतो, परत पाठवतो. पसंत पडले तर ठिगळ गोधडीत शिवले जाते आणि कोणी, केव्हा, कशासाठी शिवले याची नोंद कायमची राहते.

एका रविवारी त्याची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मास्तर, तुम्ही तरी विचारा याला. रात्र रात्र जागतो, याचे पैसे किती मिळतात?"

तो पडद्याकडे पाहत राहिला. आईचा प्रश्न खोटा नव्हता. २०१४ साली 'ओपनएसएसएल' नावाच्या एका खुल्या प्रोग्राममध्ये मोठा दोष उघडकीस आला. बँका, दुकाने, टपाल, जगातल्या कितीतरी संकेतस्थळांचे कुलूप म्हणजे हा प्रोग्राम. चौकशीत दिसले की त्याचा सांभाळ मूठभर माणसे करीत होती, आणि त्यांच्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत त्या सुमारे २००० डॉलर! जग ज्या पुलावरून रोज जा-ये करते, त्याच्या डागडुजीला कोणी दमडी देत नव्हते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. काही ठिकाणी या कामाला चांगला पगारही मिळतो. पण माझ्या विद्यार्थ्यासारख्यांची झोप अजून त्यांच्या स्वतःच्या खर्चानेच मोडते. "मागल्या वर्षी सोडून द्यायचं ठरवलं होतं," तो आई आत गेल्यावर म्हणाला. "पण मी सोडलं तर माझ्या हातातलं बघणारं दुसरं कोणी नाही."

माझ्या कुलपाची किल्ली त्याने अशी घडवली. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक खुला प्रोग्राम कोणी एकाने लिहून ठेवला होता. तो निराळ्या फॉन्टांसाठी होता. पण मूळ लिखाण खुले, म्हणून माझ्या फॉन्टाचा नकाशा त्यात घालता येत होता. नकाशा आणायचा कोठून? तेव्हा तो दिवाळी अंक कामी आला. सुदैवाने अंक माळ्यावर होता म्हणून पुरातून वाचला. एका बाजूला छापलेले प्रकरण, दुसऱ्या बाजूला खिचडी. मी शब्द वाचायचा आणि त्याने खण ओळखायचा. तीन रविवारांत नकाशा झाला. चौथ्या रविवारी त्याने कळ दाबली आणि कादंबरीचे पहिले पान पडद्यावर मराठीत उभे राहिले. मला काही क्षण बोलवेना.

मग वाचू लागलो, आणि चौथ्याच ओळीत ठेचकाळलो. माझा नायक सह्याद्रीच्या 'दर्या' उतरत होता! पुढे लग्नाच्या मांडवात 'आचार्यांनी' भाजी ढवळली होती. घाटाखालच्या साऱ्या दऱ्यांचा समुद्र झाला होता आणि स्वयंपाक्याचे गुरुवर्य झाले होते. मराठीत डोक्यावरचा रफार वेगळा आणि पापणीसारखा अर्धा 'ऱ' वेगळा. तो प्रोग्राम दोघांना एकच समजत होता. लिहिणारा मराठी नसावा. हिंदीला हा भेद लागत नाही.

माझ्यापुरती चूक हाताने सुधारता आली असती. विद्यार्थी ऐकेना. "आपली कादंबरी सुधारेल सर, पण दुसऱ्या कोणाची तरी अशीच बुडेल." त्याने ठिगळ पाठवले. राखणदाराचे उत्तर आले: हे खरोखर दोन निराळे शब्द आहेत याला आधार काय? तेव्हा विद्यार्थ्याने मला कामास लावले. मी रात्री बसून यादी केली: दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यास आणि आचार्यास, शिवाय वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, चऱ्हाट, दोऱ्या, पुऱ्या, बिचाऱ्याला, नवऱ्याला. पंचवीस वर्षे फळ्यावर जे शिकवले त्याची साक्ष कोणी परदेशातून मागेल असे स्वप्नातही आले नव्हते. ती यादी आता त्या प्रोग्रामात आहे. पुढे कोणीही त्यात फेरबदल केला की आधी माझे हे शब्द वाचले जातात. एकही चुकला तर फेरबदल परत जातो. ठिगळ दोनदा परत आले आणि अकराव्या दिवशी शिवले गेले.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, ते मला त्या दिवशी आठवले. नकलाकारांच्या हातून शिरलेल्या चुका त्यांनी निवडून काढल्या, आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. या नव्या पोथ्यांत पदरची ओवी घालायला मुभा आहे, पण ती दहा जणांनी तपासल्यावाचून शिरत नाही. पाठशुद्धीचे व्रत मात्र तेच.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे जुहूच्या वाळूत बसलो होतो. त्याने फोनवर आलेले एक पत्र दाखवले. नेपाळमधल्या कोणा माणसाने लिहिले होते. नेपाळीतही तो पापणीसारखा 'र' लागतो, आणि मराठीसाठी केलेल्या त्या दुरुस्तीच्या वाटेने जाऊन त्याने आपल्या भाषेची दुरुस्ती केली होती. आभाराच्या दोन ओळी होत्या. विद्यार्थ्याने त्या पुन्हा वाचल्या, फोन खिशात घातला आणि म्हणाला, "सर, आईला हे दाखवावं का?"

"दाखव," मी म्हणालो. "पण पैशांचं काय, ते ती विचारेलच."

कादंबरी प्रकाशकांच्या हाती गेली आहे. छापली जाईल की नाही, ते ठरवतील. माझ्यापुरते एवढेच, की त्यातल्या दऱ्या आता पुन्हा दऱ्या झाल्या आहेत, आणि दर्या जुहूस आपल्या जागी आहे.